अर्धी पायरी

"माणसाला खरी शांती ना औषधात मिळते, ना पैशात, ना पुस्तकात! ती आपल्या भोवतालच्या साध्यासुध्या आवाजांत असते. मोकळ्यावर बसा, कान उघडे ठेवा आणि ऐका!"

हे सूत्र डॉक्टरांना तीनदा सांगावं लागलं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पेशंटने कानामागे तळहात धरून "आं?" केलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा पेशंटने बायकोकडे बघितलं. तिसऱ्यांदा डॉक्टर खुर्चीतून अर्धवट उठले, टेबलावर दोन्ही हात रोवले आणि अशा काही पट्टीत ओरडले, की बाहेर बाकावर बसलेले सगळे पेशंट गप्प झाले आणि एका तान्ह्या बाळाने भोकाड पसरलं.

"असं होय," पेशंट म्हणाले. "मग एवढं हळू कशाला सांगता?"

पेशंट म्हणजे भोंगेवाले. सभा असो, सायकलींची शर्यत असो, दुकानाचं उद्घाटन असो, खांबावर चढून भोंगा बांधणं, वायर ओढणं आणि माइकवर टिचकी मारून "हॅलो, हॅलो" म्हणणं यात त्यांची हयात गेली होती. ज्या माइकवरून माणसं सत्तेवर आली, त्याच माइकवरून पुढे त्यांना शिव्या पडल्या. भोंगेवाल्यांनी दोन्ही वेळी आवाज सारखाच ठेवला. या सगळ्या भाषणांतलं मनात काही राहिलं नाही, पण कानांत सगळं साचलं, आणि कान कामातून गेले. "भाषणात खोट असेल, माझ्या यंत्रात नसते," हे त्यांचं आयुष्यातलं एकमेव तत्त्व. एकदा एका पुढाऱ्याचं भाषण मध्येच बंद पडलं, तेव्हा सगळं मैदान यंत्राला हसलं होतं. भोंगेवाल्यांनी मात्र स्टेजवर जाऊन पुढारीच गप्प झाला आहे हे सिद्ध करून दाखवलं होतं.

पण आता नवी पोरं काळी खोकी घेऊन येत. भोंगा कुणाला नको होता. गेल्या वर्षी धंदा बंद झाला, सामान विकलं गेलं, आणि तेव्हापासून भोंगेवाल्यांचं ब्लडप्रेशर वर आणि माणूस खाली, असं चाललं होतं. एक भोंगा, एक माइक आणि एक मशीन एवढं त्यांनी विकलं नव्हतं. ते आतल्या खोलीत चादरीखाली होतं. अधूनमधून ते दार लावून घेत आणि आतून "हॅलो, हॅलो" असा आवाज येई. उत्तर द्यायचं की नाही, हे बायकोला कधी कळलं नाही.

बायकोला सगळे भोंगेवाल्या काकू म्हणत. हा मोठा विनोद होता, पण रोजचा झाल्यामुळे कुणी हसत नसे. काकूंचा आवाज असा, की भाजीवाला पालेभाजी मागितली की वांगी तोलायला घेई आणि काकू वांगी घेऊन घरी येत.

"घरी अशी मोकळी जागा आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"मागची पायरी आहे की!" भोंगेवाले म्हणाले. "दुपारी रिकामीच असते."

"रिकामी नसते," काकू म्हणाल्या. त्या स्वतःच्या आवाजात म्हणाल्या, म्हणजे ते कुणी ऐकलं नाही. मग त्या जरा पुढे सरकल्या. "डॉक्टर, त्यापेक्षा गोळी वाढवून द्या ना."

"गोळीला साइड इफेक्ट असतात, काकू. याला काहीही नाही."

साइड इफेक्ट कुणावर, हे डॉक्टरांनी स्पष्ट केलं नाही.

ही पायरी म्हणजे काही मोठी वास्तू नव्हे. मागच्या दाराखाली एक लांबट दगड, मधोमध झिजलेला. एकाने ऐसपैस आणि दोघांनी भांडत बसावं एवढा. समोर अरुंद गल्ली, पलीकडे झाड, झाडाखाली पंक्चरवाल्याचं दुकान, डाव्या हाताला शेजारच्या वहिनींची भिंत आणि भिंतीलगत पाण्याचं पिंप. काकू सकाळभर शिलाई मशीनवर शर्टांच्या कॉलरी शिवत. संध्याकाळी भोंगेवाले, आधी धंद्यावरून आणि आता नुसतेच चौकातून, घरी येत, आणि ते घरीही मैदानाच्या हिशेबाने बोलत. सकाळची खडखड आणि संध्याकाळची गडगड यांच्यामध्ये दुपारी भांडी झाल्यावर जो तासभर उरे, तेवढा काकूंचा. लग्न होऊन आल्यापासून त्या तो तास या दगडावर घालवत आल्या होत्या. आपण तिथे काही ऐकतो, हे त्यांना माहीतही नव्हतं. कुणी विचारलं असतं तर "नुसती बसलेय" म्हणाल्या असत्या.

पण ऐकत सगळं होत्या. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात दाबायचा, ते बुडबुडे. मग हातोडीची ठोकठोक, मग पंपाची फुसफुस, मग समाधानाने टायरवर मारलेली थाप. पत्र्यावर पारवे घुमायचे. आणि वहिनी पिंपात पाइप सोडून आत कामाला निघून जायच्या. पिंप आधी धबधब वाजे, मग जरा गोल, मग आवाज वर वर चढू लागे, पोटातून घशात आणि घशातून नाकात गेल्यासारखा. तो नाकात पोचला की काकू उठायच्या, वहिनींच्या खिडकीवर टकटक करायच्या, "भरलं गं" म्हणायच्या आणि परत येऊन बसायच्या. वहिनींचं पिंप आजवर वाहून गेलं नव्हतं. वहिनींना वाटे, पिंपच चांगलं आहे.

आता त्या दगडावर डॉक्टरांच्या सल्ल्याने भोंगेवाले येऊन बसले. मधोमध.

"तूही बस," ते उदारपणे म्हणाले. काकू कडेला टेकल्या.

"आता काय वाजलं?"

"पारवा."

"कुठे?"

"पत्र्यावर."

"काय करतोय?"

"घुमतोय."

"कशासाठी?"

"अहो, मला काय सांगून घुमतोय का तो!"

भोंगेवाल्यांनी मान डोलावली. मग पुन्हा, "आता?"

"हातोडी."

"आवाज फाटतोय त्याचा. भिंत जवळ आहे ना. इथे एक जाड पडदा सोडायला हवा." मग थोडं थांबून, "आता?"

"आता काही नाही. आता तुम्ही बोलताय."

तासाच्या शेवटी काकूंच्या कपाळाची शीर उडत होती. भोंगेवाल्यांचा चेहरा मात्र खुलला होता.

"शांत वाटतंय गं," ते म्हणाले. "तुला?"

संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिला काकूंनी सगळं सांगितलं.

"आई, किती छान! दोघं मिळून निसर्ग ऐकताय."

"निसर्ग नाही गं, पंक्चरवाला आहे."

"तेच ते. बाबांना विरंगुळा झाला ना? मग झालं तर."

काकूंनी फोन ठेवला आणि तो ठेवलाच आहे याची खात्री करून कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात पोस्टमास्तर आणि हेडबाई उभ्या. दोघंही निवृत्त. हेडबाईंनी घडीची खुर्ची आणली होती.

"आम्ही त्या दिवशी दवाखान्यात बाकावर होतो," पोस्टमास्तर म्हणाले. "डॉक्टर तुम्हाला बोलले ते आम्हाला अगदी स्वच्छ ऐकू आलं. मला त्यांनी नंतर आत बोलावून नुसतं पथ्य सांगितलं. म्हटलं, पथ्यापेक्षा शांती बरी."

"या, या!" भोंगेवाले गल्लीच्या टोकापर्यंत पोचेल असं म्हणाले. "अगं, चहा टाक!"

चार माणसं नुसती एकत्र बसली आहेत आणि त्यांचं मंडळ झालेलं नाही, ही गोष्ट पोस्टमास्तरांना सहन होण्यासारखी नव्हती. चहा येईपर्यंत मंडळ स्थापन झालं होतं. नाव निवांत श्रवण मंडळ. हेडबाई अध्यक्ष, कारण खुर्ची त्यांच्याकडे होती. पोस्टमास्तर सचिव. भोंगेवाले यंत्रप्रमुख.

"यंत्र कुठे आहे पण?" काकूंनी विचारलं.

"लागेल," भोंगेवाले म्हणाले. "लागतंच."

"आणि काकू?" हेडबाईंनी विचारलं.

"काकू आहेतच," पोस्टमास्तर म्हणाले आणि कप पुढे केला.

मंडळाच्या बैठका रोज होऊ लागल्या. सुरुवातीला अध्यक्षांचं प्रास्ताविक असे. विषय, मौनाचं महत्त्व. हेडबाईंनी आयुष्यभर न थांबता बोलून वर्ग शांत ठेवले होते; त्यांचा या विषयावरचा अधिकार मोठा होता. त्यानंतर सचिव कालच्या बैठकीत काय काय ऐकलं ते वाचून दाखवत. त्यावर चर्चा होई. मग चहा. मग जो वेळ उरे, त्यात श्रवण.

काकूंना आता पायरीवर जागा नव्हती. एका टोकाला पोस्टमास्तर, मध्ये भोंगेवाले, उरलेल्या वितीवर बिस्किटांची बशी. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून कप मोजायच्या आणि आत जाऊन भांड्यांवर राग काढायच्या. मंडळाने एकदा हा आवाज नोंदवलाही. 'आतून भांड्यांचा नाद, उत्साहवर्धक.'

मग एके दिवशी हेडबाई प्रास्ताविकाच्या ऐन रंगात असताना पंक्चरवाल्याने हातोडी मारली. हेडबाई थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या. पुन्हा हातोडी.

"हा आवाज नव्हे, हा गोंगाट आहे," पोस्टमास्तर म्हणाले. "श्रवणात व्यत्यय येतो." ठराव झाला आणि शिष्टमंडळ गल्ली ओलांडून गेलं.

"दुपारचा तासभर ठोकायचं नाही," हेडबाई म्हणाल्या.

"मग पंक्चर कसं काढू, बाई?" पंक्चरवाला म्हणाला. "मनातल्या मनात?"

"उलट उत्तर?" हेडबाई म्हणाल्या. त्यांनी त्याला शाळेत शिकवलं होतं. पंक्चरवाल्याचे केस आता पांढरे झाले होते, पण हातोडी त्याच्या हातून आपोआप खाली गेली.

तिथून शिष्टमंडळ वहिनींकडे गेलं. पाइप वरून सोडल्याने पाण्याचा आवाज होतो, तो पिंपाच्या तळाशी बुडवून ठेवावा. वहिनी घाईत होत्या, बरं म्हणाल्या. परतताना पारव्यांनी गुटुरगू सुरू केलेलं दिसलं, तेव्हा पोस्टमास्तरांनी टाळ्या वाजवून त्यांना पत्र्यावरून हाकललं.

"हं," हेडबाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "आता ऐका."

मंडळाने कान टवकारले. कुठेच काही नव्हतं. पोस्टमास्तरांनी डोळे मिटून बघितलं, मग उघडून बघितलं. बराच वेळ सगळ्यांनी कानात प्राण आणून काहीही ऐकलं नाही.

तेवढ्यात पोस्टमास्तरांच्या पायाला गार लागलं. वहिनींचं पिंप तळाशी पाइप असल्यामुळे मुकाट्याने भरलं होतं, मुकाट्याने वाहिलं होतं आणि भिंतीच्या कडेने मुकाट्याने त्यांच्या बुटांत शिरलं होतं. वहिनी धावत आल्या.

"काकू, आज सांगितलं नाहीत ते?"

"मी कुठून सांगू?" काकू दारातून म्हणाल्या. "मी आत चहा गाळत होते."

बूट उन्हात ठेवले गेले, आणि मग भोंगेवाले बोलले. ते आतापर्यंत गप्प होते, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

"आवाज नाहीत असं नाही. आवाज आहेत, पण लहान आहेत. ते मोठे करायला हवेत."

आणि ते उठून आतल्या खोलीत गेले.

आता मात्र बोलायचंच, असं ठरवून काकू त्यांच्या मागे गेल्या. बोलणार काय, हे त्यांनी चहाच्या पाच खेपांमध्ये पाठ करून ठेवलं होतं. पण भोंगेवाले जमिनीवर मांडी घालून बसले होते. चादर बाजूला पडली होती. ते भोंग्याच्या आतली धूळ फडक्याने पुसत होते, आणि त्यांचा चेहरा धंदा बंद झाल्यापासून काकूंनी बघितला नव्हता असा दिसत होता.

"काय गं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," काकू म्हणाल्या. "ते फडकं कोरडं आहे. ओलं देते."

ओलं फडकं देऊन त्या बाहेर आल्या आणि स्वतःवरच एवढ्या चिडल्या, की त्या दिवशी चहात साखर पडली नाही. मंडळाने तो तसाच प्यायला. पोस्टमास्तरांना वाटलं, आपल्या पथ्याची आठवण कुणीतरी ठेवली.

दुसऱ्या दिवशी भोंगेवाले सकाळपासून शिडीवर होते. भोंगा मागच्या दारावर बांधला, मशीन पायरीशेजारी स्टुलावर आलं. वायर गल्लीवरून पलीकडे गेली आणि माइक झाडाच्या खालच्या फांदीला, दुकानाच्या अगदी डोक्यावर लटकला. तिथे पाखरं असतात, असा भोंगेवाल्यांचा अंदाज होता. पाखरं त्यांच्या "हॅलो, हॅलो"मुळे केव्हाच गेली होती.

त्या दुपारी काकूंनी चहा किटलीत भरला, किटली दारात ठेवली, पायांत चपला सरकवल्या आणि पुढच्या दाराने बाहेर पडल्या. कुठे जायचं ते त्यांनी ठरवलं नव्हतं. कोपऱ्यावरून वळल्या तर पाय सवयीने मागच्या गल्लीतच आले. पंक्चरवाला टायरांच्या उंच ढिगामागे हात मांडीवर ठेवून बसला होता. दुपारचा तासभर त्याला सक्तीची शांती होती.

"या काकू," तो कुजबुजला. हेडबाई ऐकू येण्याच्या अंतरावर होत्या. त्याने एक खोकं उलटं करून पुसून दिलं.

काकू बसल्या. ढिगामुळे पायरी इथून दिसत नव्हती, आणि पायरीवरून त्या दिसत नव्हत्या. माइक त्यांच्या डोक्यावर वीतभर होता. पण घरात माइक इतकी वर्षं बघितले होते, की भिंतीवरच्या खिळ्याइतकंच त्यांचं त्याच्याकडे लक्ष गेलं.

"चहा देऊन आलात?"

"ठेवून आले."

"काय ऐकतात ओ ही माणसं?"

"काय की."

एवढं बोलून त्यांनी पाय लांब केले. पाय दुखत होते. पंक्चरवाल्याकडे ऐकण्यासारखं काही चालू नव्हतं, वहिनींचा पाइप तळाशी होता, पारवे आले नव्हते. त्यांची दुपार होती तिथेच होती, फक्त कुणीतरी तिच्यातलं सामान हलवलं होतं. त्या नुसत्या बसल्या.

इकडे भोंगेवाल्यांनी बटण फिरवलं. भोंग्याने आधी एक कर्णकर्कश शिट्टी मारली. दोन-तीन घरांच्या खिडक्या उघडल्या. भोंगेवाल्यांनी बटण हळूच मागे घेतलं, शिट्टी थांबली. मग भोंग्यातून, मैदानभर ऐकू जाईल एवढा मोठा, एक आवाज आला.

"हा..."

मंडळ एकमेकांकडे बघू लागलं.

"वारा," पोस्टमास्तर म्हणाले.

"एक पान हलत नाहीये," हेडबाई म्हणाल्या.

पुन्हा आला. लांब, खालून वर न जाता वरून खाली उतरणारा, आणि शेवटी जरासा अडखळणारा.

"टायरमधली हवा जातेय," पोस्टमास्तर म्हणाले. "मोठा असणार. ट्रकचा."

"म्हणजे पंक्चरवाला काम करतोय!" हेडबाई खुर्चीतून उठू लागल्या.

"थांबा," भोंगेवाले म्हणाले.

ते भोंग्याखाली जाऊन उभे राहिले होते. कान वर, डोळे मिटलेले. एकदा त्यांनी स्टुलाकडे येऊन मशीनवर हात ठेवून बघितला, वायर चाचपली, परत जाऊन उभे राहिले. तिसऱ्यांदा तो आवाज आला, आणि या खेपेला तो इतका लांबला, की पोस्टमास्तरांचं बिस्किट चहात विरघळून बुडालं.

हेडबाई हळूच परत खुर्चीत बसल्या.

"हवाबिवा नाही ती," त्या म्हणाल्या. प्रास्ताविकाचा आवाज त्यांच्या घशातून गेला होता. "कुणीतरी दमलंय."

 भोंगेवाल्यांनी वायर हातात धरली आणि तिच्या मागोमाग, बिघाड शोधायला निघाल्यासारखे, गल्ली ओलांडून गेले. झाडापाशी वायर संपली. तिच्या खाली खोक्यावर त्यांची बायको बसली होती.

"तू इथे?"

"हो."

"कधीची?"

"मघापासून. चहा किटलीत आहे."

"तो आवाज तू करत होतीस?"

"कसला आवाज?"

"तो... हवा गेल्यासारखा."

"मला काय माहीत. मी बसले होते नुसती."

भोंगेवाले माइककडे बघत राहिले. मग म्हणाले, "घरी कधी ऐकला नाही."

"घरी माझ्यासमोर माइक कुठे लावला होता तुम्ही?"

हे काकू भांडायला म्हणाल्या नव्हत्या. कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत, हे सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. पण ते माइकखाली सांगितलं, म्हणून पहिल्यांदाच त्यांचं बोलणं पायरीपर्यंत, वहिनींच्या खिडकीपर्यंत आणि गल्लीच्या टोकापर्यंत स्वच्छ पोचलं. पंक्चरवाल्याने तोंड फिरवून एक चांगली ट्यूब तपासायला घेतली.

"पायरीवर का नाही बसलीस?"

"जागा कुठे आहे?"

भोंगेवाल्यांनी मागे वळून पायरीकडे बघितलं. जणू ती किती लांब आहे हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. मग त्यांनी फांदीवरून माइक सोडला, वायर कोपरावर गुंडाळत गुंडाळत गल्ली ओलांडली, आणि मंडळासमोर उभे राहिले. भोंगा अजून चालू होता. त्यांनी सवयीने माइकवर टिचकी मारली.

"हॅलो. मंडळाची बैठक तहकूब करण्यात येत आहे," ते म्हणाले. "यंत्रात बिघाड आहे."

काकू तोपर्यंत ढिगापाशी आल्या होत्या. त्या जागीच थांबल्या. त्या माणसाच्या तोंडून हे वाक्य त्यांनी संसारात कधी ऐकलं नव्हतं. पावसात भोंगा भिजला तरी, खांब वाकला तरी, मैदान हसलं तरी ते त्याच्या तोंडून निघालं नव्हतं.

"आत्ता तर अगदी स्वच्छ येत होतं," पोस्टमास्तर म्हणाले.

"बिघाड आहे," भोंगेवाले पुन्हा म्हणाले आणि बटण बंद केलं.

हेडबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, गल्लीपलीकडे काकूंकडे बघितलं आणि खुर्ची घडी केली. "सचिव, चला. आपण उद्यापासून माझ्या गच्चीवर भरवू." आणि जाता जाता त्या झाडाच्या दिशेने ओरडल्या, "ठोक रे तू! किती वेळ हात बांधून बसलायस?"

दुसऱ्या दिवशी भांडी झाल्यावर काकूंनी मागचं दार उघडलं. पायरी रिकामी होती. पुसलेली होती. काकू मधोमध बसल्या.

हातोडी वाजत होती. पारवे परत आले होते. वहिनींनी कुणाला न विचारता पाइप वर घेतला होता. काकूंना हवं ते सगळं जागच्या जागी होतं, आणि तरी काहीतरी खुपत होतं. जरा लक्ष दिलं तेव्हा कळलं. दाराच्या आत खुर्चीवर भोंगेवाले गप्प बसले होते. ते असे गप्प बसले होते, की खुर्ची कुरकुरत होती. मध्येच खोकला दाबल्याचा आवाज येई. मध्येच काहीतरी विचारायला घेतलेला श्वास, आणि मग तो न विचारता सोडलेला. एक माणूस गप्प बसतो म्हणजे किती गोंगाट होतो, हे काकूंना आजवर ठाऊक नव्हतं. पारवा घुमला, आणि आतून विचारलं न गेलेलं "आता काय वाजलं?" त्यांच्या पाठीवर येऊन आदळलं.

तो तास पूर्वीसारखा आता मिळायचा नाही, एवढं त्यांना कळून चुकलं. त्यांनी मान न वळवता दाराच्या दिशेने सांगितलं, "अहो, या बाहेर."

आत त्यांचा आवाज पोचला नाही. मग त्यांनी दारावर चप्पल आपटली. भोंगेवाले लगबगीने आले आणि उभे राहिले.

"बसा. पण विचारायचं नाही."

"नाही."

"वाजेल ते वाजू द्यायचं."

"बरं."

ते बसले. पिंप धबधबत होतं. काकू ऐकत होत्या, आणि भोंगेवाले काकूंच्या तोंडाकडे बघत होते. पाणी गोल वाजू लागलं, चढू लागलं, पोटातून घशात आलं. काकूंचे गुडघे उठायच्या बेतात कुरकुरले. मग त्या उठल्या नाहीत. आवाज नाकात पोचला तसं त्यांनी भोंगेवाल्यांच्या बरगडीत कोपर मारलं.

"आं?"

"भरलं म्हणा."

भोंगेवाल्यांनी छाती भरून घेतली.

"भरलंऽऽ!"

वहिनी आतून धावत आल्या आणि त्यांनी नळ बंद केला. गल्लीतल्या आणखी चार घरांनीही बंद केला. त्यांतली दोन पिंपं अर्धीच होती. पारवे उडाले. पंक्चरवाल्याच्या हातातला टायर घरंगळत गेला. आणि दूर हेडबाईंच्या गच्चीवरून पोस्टमास्तरांचा आवाज आला, "नोंद घ्या, नोंद घ्या!"

भोंगेवाल्यांचे डोळे चमकत होते. ते पायरीवर ऐसपैस टेकले, दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, "डॉक्टर म्हणाले ते खरं आहे गं. शांती ना औषधात आहे, ना पैशात. ती आहे या साध्यासुध्या आवाजांत! आयुष्यभर मी जगाला ऐकवत आलो, पण ऐकणं म्हणजे काय, ते मला आज, या पायरीवर, या क्षणी..."

काकूंनी ते पुरतं ऐकून घेतलं. समोर हातोडी पुन्हा सुरू झाली. एक पारवा पत्र्यावर परतला.

"हो," त्या म्हणाल्या. "जरा सरका."